बिडीच्या दोऱ्यानं घर मोजलं तेव्हा

"काम करू की पोराकडं बघू, तुम्हीच सांगा बाई." निपाणीत विड्या वळणाऱ्या वस्त्यांमध्ये मी समुपदेशनासाठी जाते, तिथं हा प्रश्न सतत कानावर येतो. बहुतेक वेळा काहीतरी घडून गेल्यावर.

ही मुलगी मात्र आली ती झोप लागत नाही म्हणून. रात्री दचकून उठायची आणि अंधारात पोराचे पाय चाचपून बघायची. चौदा महिन्यांचा मुलगा. तीन आठवड्यांपूर्वी तिनं आंघोळीच्या पाण्याचं पातेलं चुलीवरून उतरवून मोरीपाशी ठेवलं आणि थंड पाण्याची कळशी घ्यायला वळली. तेवढ्यात त्यानं काठ धरून ओढलं. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. शेजारणीनं घाईघाईनं टूथपेस्ट फासली, ती दवाखान्यात पुसून काढताना पोर किती रडलं ते सांगताना तिला पुढं बोलवेना. जखमा भरत आल्या होत्या. पण सासू येता-जाता म्हणायची, "तुझं लक्ष कुठं होतं?" नवरा तंबाखूच्या वखारीत हमाल. तो काहीच बोलायचा नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं.

मी घरी गेले. एकच खोली, मोरी आतच. पोराच्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी आणि चिंधीचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. मला बघून ती गाठ सोडायला धावली. तिला वाटलं मी रागावणार. रागवायचं कशाला? तिला सुचलेला सगळ्यात सुरक्षित उपाय तिनं केला होता. पण चिंधी मानेभोवती गुंडाळली तर जीव जाऊ शकतो, हे सांगावंच लागलं. शिवाय बांधलेल्या जागेवरूनही त्याचा हात तंबाखूच्या सुपापर्यंत पोचत होता.

पूर्वी मीसुद्धा "जरा लक्ष ठेवत जा" असंच सांगायचे. आता सांगत नाही, कारण ते खरं उत्तर नाही. दिवसाला हजार विड्या वळायच्या तर डोळे पानावर आणि कात्रीवरच लागतात. नजर हटली की विडी बिघडते, छाट निघते (खराब विड्या नापास होतात), पैसे कापले जातात. आणि 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी 5 सेकंदांत खोलवर भाजतं, लेकराची तर त्याहून लवकर. एवढ्या वेळात कुठलीच आई उठून पोचत नाही. तिला मी हेच सांगितलं: तू चुकलीस म्हणून पाणी सांडलं नाही, पातेलं त्याच्या हाताला लागेल अशा ठिकाणी होतं म्हणून सांडलं. ती बराच वेळ रडली. सासू दारात उभी राहून ऐकत होती.

मग आम्ही बिडीचा दोरा घेतला. पोराला भिंतीशी उभं केलं, वर बिस्कीट धरलं, त्यानं टाचा उचलून हात लांबवला तिथपर्यंतचा दोरा तोडला. साधारण तीन फूट. दोरा घरभर फिरवायचा; जे त्याच्या आत येतं ते पोराच्या हातात आहे असंच समजायचं. सासूबाई आल्या, दोरा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच मापायला लागल्या. मोबाइलच्या चार्जरचं सॉकेट, कात्री, आणि थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेलं फिनेल. बाटली बघून त्या खालीच बसल्या. ती त्यांनीच तिथं ठेवली होती.

फिनेल किंवा रॉकेल पोटात गेलं तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. ते फुप्फुसात उतरतं आणि जास्त घात करतं. तोंडात उरलेलं पुसून काढा आणि बाटलीसकट दवाखान्यात न्या. तंबाखूचंही तसंच. चिमूटभर तंबाखूनंही एवढ्याशा पोराला लाळ सुटते, उलट्या होतात, ते गळून जातं, झटकेही येऊ शकतात. अशा वेळी "बघू संध्याकाळपर्यंत" करायचं नाही, 108 ला फोन करायचा.

पाण्यासाठी एकच सवय ठरली. बादलीत आधी थंड पाणी, मग त्यात गरम, आणि तोवर पोर सासूच्या कडेवर. आंघोळ झाली की बादली पालथी. लहान पोराचं डोकं जड असतं, बादलीत वाकलं की त्याला वर येता येत नाही, चार बोटं पाणीही पुरतं. भाजलंच तर वीस मिनिटं साधं पाणी कळशीनं हळूहळू ओतत राहायचं, बर्फ, हळद, पेस्ट काही नाही. सुजायच्या आत मनगटी आणि काळा दोरा काढायचा.

चिंधीच्या जागी काय, हा प्रश्न उरलाच होता. अंगणवाडीची शाळा तीन वर्षांनंतर, आणि पोरं चालायला लागतात पहिल्या वर्षाच्या आसपास. मधली दोन वर्षं आईनं काय करायचं? बांगलादेशात गावोगावी 'आँचल' नावाची पाळणाघरं सकाळी 9 ते दुपारी 1 चालतात, आया कामात असतात नेमक्या त्या वेळी, आणि तिथं पोरं बुडण्याचं प्रमाण खूप कमी झालं. आपल्याकडे कर्नाटकात ग्रामपंचायतींमध्ये 'कूसिन मने' नावाची पाळणाघरं आहेत, पण ही गल्ली शहरात. मी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला विड्या दिसत न्हाईत आता. पोरं दिसतात की." आता शेजारच्या दोन घरांची मिळून तीन पोरं सकाळी त्यांच्याकडे असतात, दाराच्या उंबऱ्यावर दोन फुटी फळी आडवी लावलेली असते. त्याबद्दल शेजारणी सासूबाईंच्या सुनेच्या वाटणीची पानं भिजवून देतात.

सुपाचं अजून जमलेलं नाही. वळायला जमिनीवरच बसावं लागतं, सूप मांडीवरच हवं, आणि दुपारी पोर आईकडेच असतं. ती उठताना सूप खुंटीला टांगते, कधी विसरते. परवा गेले तेव्हा तिनं नवा दोरा दाखवला, जुन्यापेक्षा दोन बोटं लांब. खुंटी वर घ्यायला हवी, असं नवऱ्यानंच म्हटलं होतं.