डोळ्यांचा त्रास कसला?

स.न.वि.वि. वय ६४, मुक्काम सातारा. ३४ वर्षं बँकेत काढली. इथल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत दोन वर्षं सदर लिहितोय, आता निवडक लेखांचं पुस्तक काढायचंय. कोणत्या लेखाला किती फोन आले याची वही ठेवली आहे. ती घेऊन बसलो, तर पहिल्या सातांतले पाच लेख आमच्या सौ.वरचे निघाले! एटीएममध्ये तिने तीनदा चुकीचा पिन दाबून कार्ड ब्लॉक केलं, त्या लेखाला ४३ फोन. कास पठारावरच्या लेखाला दोन, त्यातला एक मेव्हण्याचा. लोकांना आवडलेलेच लेख घ्यावेत की मला आवडलेलेही? मित्र म्हणतात, तुझं लेखन चिमणरावांच्या वळणाचं आहे. सौ. हल्ली पुरवणी उघडत नाही, डोळ्यांचा त्रास असावा. परवा तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, तेव्हा तिलाही विचारलं. म्हणाली, ‘तुम्हाला हवे ते घ्या.’ एटीएमच्या लेखाचं कात्रण सोबत जोडलं आहे.
— एक सदरलेखक

अहो, तिन्हीसांजेच्या उजेडात जिला तांदळातला खडा दिसतो, तिला पुरवणीतली अक्षरं दिसेनाशी झाली? आणि हे तुम्हाला लिहितानाही खटकलं नाही? फोन मोजायला वही घातलीत, बायको केव्हापासून वाचेनाशी झाली त्याची नोंद आहे का कुठे?

कात्रण दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. लिहिता चांगलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र लक्षात आलं, की कार्ड तुमचं होतं. पिन तुम्ही तोंडी सांगितलात आणि बाहेर स्कूटरवर बसून काचेतून गंमत बघत राहिलात. कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या हाती द्यायचे नसतात, हे तुम्ही काउंटरवरून किती गिऱ्हाइकांना बजावलं असेल! पण लेखात वेंधळी कोण ठरली, तर ती. ‘रांगेतले हसायला लागले, तशी ही पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी राहिली,’ असं तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला ते दिसलं होतं. दिसूनही स्कूटरवरून उतरला नाहीत. रांगेत फार तर पाचसहा माणसं हसली असतील. नंतर पुरवणीतून अख्खं गाव हसलं आणि तिला त्याच गावात भाजी आणायला जावं लागतं.

चिमणरावांचं नाव मात्र मध्ये घेऊ नका. चिं. वि. जोशींचे चिमणराव आपल्याच तोंडाने आपली फजिती सांगतात, म्हणून तर ते आपल्याला घरचे वाटतात. तुमच्या पाच लेखांत तुमची फजिती कितीदा झाली ते मोजा. मोजायची सवय आहेच.

कासचा लेख पुस्तकात घ्या. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तिला दोन फोन आले तर आले.

राहिले ते पाच. ‘तुम्हाला हवे ते घ्या’ याला तुम्ही होकार समजून बसलात की काय? संसारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ मी सांगायचा? आज रात्री जेवणं झाली की एटीएमचा लेख तिला मोठ्याने वाचून दाखवा. सगळा, ती पिशवीच्या बंदाची ओळसुद्धा. वाचताना आधी तुम्ही हसायचं नाही. ‘गमतीत लिहिलंय गं’ म्हणायचं नाही. वाचून झालं की चष्मा काढून गप्प बसा, ती बोलेपर्यंत. ती उठून भांडी घासायला गेली, तर तेच उत्तर समजा आणि पाचही लेख बाजूला ठेवा. पुस्तक बारीक झालं तर होऊ दे. तिने एखादी ओळ खोड म्हटलं, तर तिच्यासमोर खोडा, आणि तिथे तुमची एखादी फजिती तिलाच सांगायला लावा. तिच्याकडे साठा असणार.

आणि सोमवारी तिच्या नावाच्या कार्डाचा अर्ज भरून टाका. फॉर्म कोणत्या टेबलावर मिळतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.