दर जानेवारीत बायबल वाचायला घेतो आणि लेवीयपाशी थांबतो. रोजची सवय कशी लागेल?

अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. वर्षात अख्खं बायबल संपवायचं ठरवता, जानेवारी जोरात जातो, लेवीय हे तिसरं पुस्तक आलं की गाडी अडते, असं तुम्ही लिहिलंय. आता हिशोब बघा. एकूण अध्याय १,१८९. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. पहिल्या दोन पुस्तकांचे, म्हणजे उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४०, उरकायला जवळजवळ महिना जातो. म्हणजे जानेवारी सरता सरता तुम्ही होमबली, अन्नबली, पापबली यांच्या विधींत शिरता. तिथं बरेच जण थांबतात. तुमची श्रद्धा कमी पडली असं काही नाही, वेळापत्रकच तसं आहे.

मी जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला आहे. फर्स्ट, सेकंड, नाईट, दर आठवड्याला पाळी बदलते. त्यामुळे ‘पहाटे पाचला उठून वाचा’ हा पाळकांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) आवडता सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. एका आठवड्यात पहाटे पाचला मी डबा भरायच्या गडबडीत असतो, दुसऱ्या आठवड्यात मशीनपुढं. म्हणून वाचन घड्याळाला न बांधता रोजच्या एखाद्या कामाला बांधा. माझं अंघोळीला बांधलेलं आहे. पाळी कुठलीही असो, अंघोळ होतेच. (एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते, तेवढं सोडून द्या.)

सवय मोडते ती एक दिवस चुकल्यामुळं नाही, चुकलेलं भरून काढायच्या नादात मोडते. सोमवार राहिला म्हणून मंगळवारी सहा-सात अध्याय, तेही अर्धेच झाले म्हणून बुधवारी दहा. गुरुवारी माणूस पुस्तकाकडं बघतच नाही. आमच्या शेजारी एक माळकरी काका आहेत, रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. लग्नकार्यात एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोनदा म्हणत बसत नाहीत, आजचा आज म्हणतात. सप्ताहातलं पारायण सात दिवसांत पुरं करावंच लागतं, पण तो वर्षातला एक आठवडा. रोजच्या नेमाला पारायणाची घाई लावली की नेम टिकत नाही.

स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या चर्चच्या मंडळीसाठी रोज साधारण चार अध्यायांची वर्षाची योजना काढली. अजून जगभर लोक ती वापरतात. पण त्यासोबत त्यांनी तिचे धोकेही लिहून ठेवले होते: वाचन नुसता उपचार होईल, ‘आज एवढं झालं’ याचाच अभिमान वाटेल, कुणाला ओझं होईल. योजनेचा तक्ता सगळे छापतात, हा भाग फार थोडे वाचतात.

सुरुवातीला बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक घ्या. अध्याय ३१ आहेत. आज जी तारीख असेल त्या क्रमांकाचा अध्याय वाचायचा. आठ आणि नऊ तारीख चुकली तर दहाला सरळ दहावा. राहिलेले पुढच्या महिन्यात आपोआप येतात, त्यामुळे बाकी चढतच नाही. महिना-दोन महिने हे जमलं की जोडीला मार्ककृत शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचं पुस्तक), १६ अध्याय, रोज एक. आणि नाईट करून आल्यावर डोळे मिटत असतील तर बायबलच्या स्तोत्रांतलं ११७वं. दोनच वचनं आहेत. तेवढं वाचून खुशाल झोपा, त्या दिवसाचं वाचन झालं. (११९वं उघडू नका, त्यात १७६ आहेत.)

आता लेवीय. ते टाळा असं मी म्हणणार नाही, पण त्याच्याकडं रूथच्या वाटेनं जा. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे. परदेशी विधवा सून, सासूसोबत आलेली, सातूच्या कापणीत दुसऱ्याच्या रानात सरवा वेचते. रानाचा मालक बवाज गड्यांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम थोडं पडू द्या, तिला रागावू नका. आपल्याकडं ज्वारी निघाल्यावर मागं राहिलेली कणसं वेचणाऱ्या बाया ज्यानं बघितल्यात त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मग लेवीयचा १९वा अध्याय उघडा. शेताच्या कडेचं पीक कापू नका, सरवा वेचून घेऊ नका, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या, असा नियमच तिथं आहे. रूथ त्या नियमावर जगली. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञाही त्याच अध्यायातली, येशूनं पुढं सांगितली ती हीच. एवढं कळल्यावर बलींचे अध्याय सावकाश वाचले तरी चालतात.

आणि मोठ्यानं वाचा. आमच्याकडं मी ओट्याशेजारी स्टुलावर बसून वाचतो, बायको भाकरी थापता थापता ऐकते. मन दुसरीकडं असलं तर माझ्या आवाजावरूनच तिला कळतं. ‘अहो, हे काल झालं,’ असं तव्यावरून नजर न हलवता सांगते. मी वाचायला बसलो नाही तर विचारते, आज काय? हे विचारणारं माणूस मोबाईलवरच्या आठवणीच्या घंटीपेक्षा कामाचं आहे. घंटी बंद करता येते.

घरी कुणी नसेल तर मंडळीतल्या एखाद्या सोबत्याशी ठरवून घ्या. दोघांनी तोच अध्याय वाचायचा आणि त्यातलं एक वचन एकमेकांना व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचं. टाईप करून नको, आवाजातच पाठवा. त्यासाठी पुस्तक उघडून वाचावंच लागतं.