पाटीवरच्या सालावर थांबू नकोस

कोल्हापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. गावाबाहेरच्या ओढ्यावरच्या काँक्रीटच्या कमानी पुलाचा इतिहास कुणाला तरी लिहावासा वाटतोय, याचा फार आनंद झाला. पण पहिल्याच ओळीत कठड्यावरच्या पाटीतलं साल तू पुलाचं म्हणून दिलंयस. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही असंच केलं होतं. अहवाल गेला, आणि मग काठच्या मळ्यातले एक आजोबा म्हणाले, "अवो सायेब, कठडा पुरात गेलता. नवा घातला तवाची पाटी हाय ती. पूल माझ्या लग्नाआधीचा."

म्हणून आधी पुलाखाली उतर. पाणी ओसरलं की कमानीच्या पोटावरून हात फिरव. जुन्या कामांत सेंटरिंगला, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या साच्याला, लाकडी फळ्या असत. त्यांच्या सांध्यांच्या रेघा, लाकडाच्या गाठीसुद्धा काँक्रीटवर उमटलेल्या सापडतात. पोपडा सुटला असेल तिथं सळई बघ. गुळगुळीत गोल असली तर काम जुनं असण्याचा संभव जास्त. पिळाची सळई आपल्याकडे १९६० नंतरच्या काळात रुळली. मात्र एका सळईवरून निकाल देऊ नकोस, मधल्या दुरुस्तीत काय घातलं असेल सांगता येत नाही. हातोडीनं हलकं ठोकून बघ. खणखणीत वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर आतला थर सुटलाय.

कमानच का, हेही लिही. काँक्रीट दाब सोसतं, ताणाला कच्चं. कमानीत भार मुख्यतः दाबानंच दोन्ही काठांकडे उतरतो, त्यामुळे लोखंड कमी लागतं. पण काठाकडचा आधार सरकला तर कमान तडकते. तेव्हा तडे बघताना पायाही बघ, पुरानं खालची माती खरवडली आहे का ते. महाडजवळचा सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, माणसं गेली. मला ती रात्र विसरता येत नाही.

कागदपत्रांसाठी १ मार्च १९४९ ही तारीख धरून चाल. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पूल त्याआधीचा असेल तर दरबारची दप्तरं, म्हणजे पुराभिलेखागार. मोडी वाचणारं माणूस सोबत ने. नंतरचा असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याकडे विचार. आणि काठावरच्या म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा, कागद कपाटात थांबतील.

दिवाळीनंतर मीही येतो. टेप आणि खडू आण. तोवर गाळप सुरू झालेलं असेल. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर वरून जाईल, तेव्हा आपण खाली कमानीला तळवा लावून उभे राहू.

तुझा,
काका