लोकेटर वाजतो म्हणजे झाकण तिथेच असेल असं नाही

भाड्याने आणलेला मॅग्नेटिक लोकेटर (जमिनीतलं लोखंड शोधणारं दांड्यासारखं यंत्र) अंगणभर वाजतो, जागोजागी खणूनही ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण लागत नाही, आणि नकाशात तर चक्क 'बिडाचं झाकण', म्हणजे ओतीव लोखंडाचं, लिहिलंय, हे तुमचं गाऱ्हाणं वाचलं. माझंच जुनं दुखणं! घड्याळ-मोबाइल लांब ठेवणं वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडून देतो.

आधी सांगा, झाकण बिडाचंच आहे हे नकाशाशिवाय आणखी कोणी सांगितलं? मीही नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात (नाव घेत नाही) मुद्दाम विचारलं होतं, मधे कधी दुरुस्ती झाली का? खिडकीतून उत्तर आलं, "रेकॉर्डला बीड आहे म्हणजे बीडच." दुरुस्तीचं रजिस्टर दुसऱ्या विभागात. तो विभाग म्हणे, लेखी द्या. लेखी दिलं, उत्तर आजतागायत नाही. शेवटी झाकण निघालं फायबरचं, पाइप पीव्हीसीचे. जुनं झाकण बदलणाऱ्याने सळयांचे तुकडे आणि बांधणीची तार आजूबाजूच्या मातीत ढकलून दिली होती, आणि लोकेटर इमानदारीत तेवढंच दाखवत होता. एका रकान्यातल्या शब्दापायी मजुरी गेली, लावलेली झाडं गेली, वर "आम्हाला न विचारता का खणलं" हेही ऐकून घेतलं. असो, हा विषय निघाला की माझा तोल जातो.

हे यंत्र लोखंड-पोलादापलीकडे काही जाणत नाही. दांड्यात साधारण अर्ध्या मीटरच्या अंतराने दोन सेन्सर असतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दोघांना जवळपास सारखंच जाणवतं, म्हणून ते वजा होतं. जवळ लोखंड असलं की दोघांत फरक पडतो आणि सूर चढतो. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, प्लास्टिक यांच्यावर ढिम्म. स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकारही त्यातच. त्यामुळे माझं जरा टोकाचं मत असं की वस्तू कशाची आहे हे कळल्याशिवाय लोकेटरचं भाडंच भरू नये.

झाकण खरंच बिडाचं असेल, तर संवेदनशीलता कमी करून सुरुवात करा. सूर चढला की टोक हातभर वर उचला. वरवरच्या खिळ्याचा सूर लगेच पडतो, खोलवरच्या मोठ्या वस्तूचा टिकून राहतो. छोट्या वस्तूचा प्रभाव अंतर दुप्पट झालं की साधारण आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणून ही युक्ती चालते. उभी रोवलेली सळई नेमकी डोक्यावर वाजते. झाकणाचं तसं नाही. ते उथळ असेल तर कडांवर जास्त वाजतं, त्यामुळे सर्वांत मोठ्या आवाजावर कुदळ घालू नका. कडा चुन्याने आखून घ्या आणि मधे खणा. भरावात भाजलेल्या विटा किंवा काळा दगड असेल तर त्यांनीही यंत्र फसतं, हे बरेच जण धरतच नाहीत.

तारेच्या कुंपणाजवळ लोकेटर उभा धरून काही हाती लागणार नाही. तो आडवा, कुंपणाला काटकोनात धरा आणि कुंपणाला समांतर चाला. सूर जिथे एकदम बदलेल तिथे खूण करा. मी काही सर्वेक्षक नाही आणि तुमचं मॉडेल वेगळं असू शकतं, तेव्हा त्याचं माहितीपुस्तक माझ्यापेक्षा वर.

आणि लोकेटर गप्प म्हणजे खाली काहीच नाही असं समजून पहार मारू नका. तांब्याची केबल किंवा गॅसचा प्लास्टिकचा पाइप तो दाखवणारच नाही. त्या लाइनची माहिती आधी काढा. मग घरातून पाइप बाहेर पडतो तिथून त्याच्या रेषेत बारीक सळई हलक्या हाताने खुपसत जा. मला झाकण शेवटी असंच सापडलं.