यू-बूटमध्ये यूएसबी कीबोर्ड सापडत नाही, लिनक्स वर आल्यावर तोच चालतो. कीबोर्ड बदलू का?

नका बदलू. तुम्हीच लिहिलंय की लिनक्स वर आलं की तोच कीबोर्ड त्याच पोर्टवर नीट चालतो आणि पेनड्राइव्ह यू-बूटलाही, म्हणजे लिनक्सच्या आधी चालून त्याला सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामलाही, दिसतो. मग कीबोर्डवर संशय घ्यायला जागा उरतेच कुठे? "आधी कीबोर्ड बदलून बघा" हे वाक्य मी एका हंगामात इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमची पेटी बसवलेली होती. आत ऑलविनर एच३ चिपचा छोटा बोर्ड, बाहेर मॉनिटर, प्रिंटर आणि साधा वायरचा कीबोर्ड. उसाची गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं आणि पावती छापायची. विजेचा झटका बसला की कधीकधी फाइलसिस्टिम बिघडायची. अशा वेळी यू-बूट कळ दाबून थांबवायचं आणि एसडी कार्डवरच्या दुसऱ्या प्रतीवरून बूट करायचं, ही सोय आम्हीच करून दिली होती, काटेवाल्याला शिकवलीही होती. पण ऐन वेळी ती कामाला येईना. स्क्रीनवर मोजणी तीन, दोन, एक करत शून्यावर जायची आणि त्यानं दाबलेली एकही कळ आत पोचायची नाही.

गळीत हंगाम सुरू, बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, ऊस वाळतोय, आणि गाडीवान त्या एकट्या काटेवाल्यावर ओरडतायत. पुण्याहून आमच्या वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, कीबोर्ड बदला. बदलला. मग म्हणाले, दुसऱ्या कंपनीचा घ्या. तोही घेतला. तिसऱ्या वेळी काटेवाल्यानं मला थेट फोन केला. म्हणाला, "सायेब, प्रिंटर, पेनड्राइव्ह समदं लावायला घरचा हब आणलाय. त्या हबातनं लावला की कीबोर्ड चालतोय बगा. नुसता लावला की न्हाई."

एवढ्या एका वाक्यात दोष कुठे आहे ते त्यानं दाखवून दिलं होतं. वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, मग लावा हब आणि विषय संपवा. तिथे आमचं जे वाजलं ते आजही मिटलेलं नाही.

रात्रीच्या एसटीनं गेलो. पेटी उघडली, बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर वाचायला सीरियलच्या तीन पिनांना ३.३ व्होल्टची यूएसबी-सीरियल वायर जोडली, वेग ११५२०० बॉड. यू-बूट थांबवून 'यूएसबी स्टार्ट' दिलं. उत्तर आलं: 'बस यूएसबी@१सी१बी०००: यूएसबी ईएचसीआय १.००', आणि खाली '१ यूएसबी डिव्हाइस सापडलं'. हा '१' पाहून भलेभले फसतात. तो कीबोर्ड नसतो, तो यूएसबी पोर्ट चालवणाऱ्या कंट्रोलरचा, इथे ईएचसीआयचा, स्वतःचा आतलाच रूट हब असतो. कीबोर्ड खरंच सापडला असता तर आकडा कुठेतरी दोन झाला असता.

मग यू-बूटच्या सोर्समध्ये ईएचसीआयच्या फाइलीच्या माथ्यावर डीबग, म्हणजे तपासणीचे जादा संदेश, चालू केलं, पुन्हा बिल्ड केलं, कार्डवर टाकलं. आता एक नवी ओळ आली: 'पोर्ट ०, लो स्पीड --> कंपॅनियन'. काटेवाला शेजारी उभा होता, त्याला मी ती ओळ बोट ठेवून दाखवली.

साधा वायरचा कीबोर्ड बहुतेक वेळा लो स्पीडचा असतो, म्हणजे सेकंदाला १.५ मेगाबिट. आपण लो स्पीडचे आहोत हे तो यूएसबीच्या दोन डेटा तारांपैकी डी-मायनस ही तार एका रेझिस्टरनं वर ओढून धरून सांगतो. ईएचसीआय कंट्रोलरला फक्त ४८० मेगाबिटचा हाय स्पीड कळतो. त्यामुळे लो स्पीडचं उपकरण दिसलं की तो त्या पोर्टची मालकी सोडतो आणि हळू वेग सांभाळणाऱ्या जोडीच्या ओएचसीआय कंट्रोलरच्या हवाली करतो. एच३ मध्ये ही जोडी पत्त्यातसुद्धा शेजारी-शेजारी आहे: ईएचसीआय १सी१बी००० वर, त्याचा ओएचसीआय १सी१बी४०० वर. आमच्या लॉगमध्ये दुसऱ्याची ओळच नव्हती. ईएचसीआयनं पोर्ट सोडला आणि पलीकडे घ्यायला कोणीच नव्हतं. लिनक्समध्ये दोन्ही ड्रायव्हर होते, म्हणून तिथे चालत होता. यूएसबी २.० चा हब मध्ये आला की बोर्डपासून हबपर्यंतचं बोलणं हाय स्पीडनं होतं आणि कीबोर्डच्या हळू वेगाशी जुळवून घेण्याचं काम हबच्या आतला ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर करतो. म्हणून हबातनं चालत होता. पेनड्राइव्ह मुळातच हाय स्पीडचा, त्याला अडचण नव्हतीच.

गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींत, मागे गेलो तर ओएचसीआयचा पर्याय एका जुन्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) काढलेला सापडला. बूट लवकर व्हावं म्हणून 'नको ते' काढलं होतं. कमिट त्याच वरिष्ठांची. मी ओएचसीआय परत चालू केला, आणि जोडलेली उपकरणं दाखवणाऱ्या 'यूएसबी ट्री'मध्ये 'ह्यूमन इंटरफेस, १.५ मेगाबिट' अशी ओळ दिसली. पहाटे काटेवाल्यानं स्वतः कळ दाबून मोजणी थांबवली.

वरिष्ठ अजूनही म्हणतात की हबनं काम झालंच होतं, एवढा खटाटोप कशाला. काट्यावर दिवसभर भरलेल्या ट्रॉल्या चढतात-उतरतात, टेबल हादरतं, हबची वायर सैल होते. आणि तीच बूट इमेज बाकीच्या कारखान्यांच्या पेट्यांतही होती, तिथले काटेवाले घरून हब आणणार होते का? हब हे तपासायचं साधन आहे. ते दुरुस्ती म्हणून ठोकून बसवायचं नसतं. आणि जागेवरचा माणूस "असं केलं की चालतं" म्हणाला तर ते आधी लिहून घ्या, मग कीबोर्डच्या दुकानात जा.

तर तुमच्यासाठी: यूएसबी २.० चा हब मध्ये लावून बघा. चालला, तर लॉगमध्ये ओएचसीआयची ओळ शोधा. नसेल तर कॉन्फिगमध्ये तो चालू करा आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) त्याचा नोड, म्हणजे नोंद, 'ओके' आहे का पाहा. 'यूएसबी ट्री'मध्ये कीबोर्ड दिसतो पण कळा लागत नाहीत, असं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा 'कोनइन्फो' देऊन 'यूएसबीकेबीडी' (यूएसबी कीबोर्डचं यू-बूटमधलं नाव) यादीत आहे का बघा आणि एसटीडीइनमध्ये, म्हणजे कळा कुठून घ्यायच्या ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, 'सीरियल,यूएसबीकेबीडी' दोन्ही घाला. शिवाय मोजणी सुरू होण्याआधी यूएसबी चालू व्हायला हवं, म्हणून मोजणीआधी आपोआप चालणाऱ्या प्रीबूटमध्ये 'यूएसबी स्टार्ट' लागतं.

तुमचा बोर्ड कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. रास्पबेरी पाय ३ असेल तर वरची जोडीची गोष्ट तिथे लागू नाही, तिथला एकच कंट्रोलर सगळे वेग सांभाळतो. एक्सएचसीआय हा सगळे वेग सांभाळणारा कंट्रोलर असलेल्या यूएसबी ३ च्या बोर्डांवरही नाही. पाय ४ वर तर यूएसबीची चिप पीसीआय या दुसऱ्या जोडमार्गाच्या मागे आहे, तिथे 'पीसीआय एनम' आधी द्यावं लागतं.

आणि हो, कीबोर्ड बदलू नका म्हणालो खरा, पण तुमचा कीबोर्ड दिव्यांचा गेमिंगवाला किंवा डोंगलचा वायरलेस असेल तर एकदा साधा वायरचा लावून बघाच. यू-बूटचा ड्रायव्हर फक्त बूट प्रोटोकॉलचा कीबोर्ड ओळखतो, म्हणजे क्लास ३, सबक्लास १, प्रोटोकॉल १. आम्ही वापरत होतो त्या सोर्समध्ये इंटरफेसला एकापेक्षा जास्त एंडपॉइंट (डेटाच्या वाटा) असले तरी तो नाकारायचा. काही कीबोर्डना वीज मिळाल्यावर जागं व्हायला वेळ लागतो, त्यासाठी 'यूएसबी_पीगुड_डिले' वाढवून पाहता येतं. पण हे सगळं लॉग वाचल्यावर. 'यूएसबी स्टार्ट' आणि 'यूएसबी ट्री'चं पूर्ण आउटपुट बोर्डच्या नावासकट प्रश्नात टाका, मी बघतो.