मुंबईत सहावीतल्या मुलाला वर्गाबाहेर पर्यावरण कुठे शिकवता येईल?

समुद्रावर, तेही ओहोटीला. वांद्र्याच्या कार्टर रोडसारखा खडकाळ किनारा निवडा. चौपाटीच्या वाळूपेक्षा तिथे जास्त दिसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी सगळ्यात लांब जातं. या दिवसांत मुंबईत ओहोटी साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास लागते. अर्थात, निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच.

खडकांतल्या डबक्यांत शंखात राहणारे खेकडे, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), गोगलगायी दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम 2017 पासून अशा फेऱ्या काढतो. पहिली फेरी त्यांच्याबरोबरच करा. पावसाळ्यात मात्र नको, शेवाळावर पाय घसरतो आणि ब्लू बॉटल हे जेलीफिशसारखे निळे जीव डंख मारतात. हात न लावता फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकायचे, ओळख पटवायला जाणकार मदत करतात. आणि घरी आल्यावर निबंध लिहायला लावू नका!