वाचक विचारतात: आमदारकीची मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची?

निकाल लागला त्या दिवसापासून पाच वर्षे धरायची की शपथ घेतली त्या दिवसापासून? (वाचक, कागल)

दोन्ही नाही. संविधानाच्या कलम १७२ नुसार सभागृहाच्या पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या तारखेपासून पाच वर्षे मोजतात. २०१९ चा निकाल २४ ऑक्टोबरला लागला. पुढे सरकार बनेना, मध्ये राष्ट्रपती राजवट येऊन गेली आणि पहिली बैठक २७ नोव्हेंबरला झाली. म्हणून त्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती. पाच वर्षे ही कमाल मर्यादा आहे, सभागृह त्याआधीही विसर्जित होऊ शकते. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या आमदारालाही नवी पाच वर्षे मिळत नाहीत, उरलेला काळच मिळतो.

कोल्हापूर उत्तरला पोटनिवडणूक झाली, मग आमच्या करवीरला का नाही? सरकारने मुद्दाम टाळली का? (वाचक, करवीर)

नाही, इथे तारखांचा हिशेब आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१क प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. पण त्या सदस्याची एक वर्षापेक्षा कमी मुदत शिल्लक असेल तर हे बंधन नाही. कोल्हापूर उत्तरचे आमदार चंद्रकांत जाधव यांचे निधन डिसेंबर २०२१ मध्ये झाले, तेव्हा जवळपास तीन वर्षे बाकी होती. १२ एप्रिल २०२२ ला मतदान झाले. करवीरचे आमदार पी. एन. पाटील यांचे निधन २३ मे २०२४ ला झाले, तेव्हा उरले होते जेमतेम सहा महिने. त्यामुळे करवीरच्या मतदारांना सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत थांबावे लागले. या काळात मतदारसंघाला आमदारच नसतो, ही गैरसोय खरीच आहे.

वाद होतो तो काठावरच्या प्रकरणांत. अकोला पश्चिमची जागा नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला रिकामी झाली. त्या दिवशी मुदत वर्षापेक्षा थोडी जास्त होती, पण निवडून येणाऱ्याला वर्षही मिळणार नव्हते. जाहीर झालेली ती पोटनिवडणूक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केली.

विधानसभेच्या यादीत नाव आहे, पदवीही आहे. तरी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या मतदानाला गेल्यावर नाव सापडले नाही. असे का? (वाचक, गडहिंग्लज)

कारण ती यादी वेगळी असते. विधान परिषदेचे ७८ सदस्य असतात: ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, पदवीधर आणि शिक्षक प्रत्येकी ७, आणि राज्यपालनियुक्त १२. परिषद विसर्जित होत नाही. प्रत्येकाला सहा वर्षे मिळतात आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. आपला कोल्हापूर जिल्हा पुणे, सातारा, सांगली, सोलापूरसह पुणे पदवीधर मतदारसंघात येतो, आणि इथली यादी प्रत्येक निवडणुकीसाठी कोरी करून नव्याने बनते. मागच्या वेळी मतदान केले असले तरी पुन्हा अर्ज करावाच लागतो. सर्वात जास्त नावे इथेच गळतात.

अर्ज नमुना १८ मध्ये करायचा (शिक्षकांसाठी नमुना १९). अर्हता दिनांक (पात्रता मोजण्याची तारीख) १ नोव्हेंबर. त्या तारखेआधी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली हवी, आणि ही तीन वर्षे पदवीच्या परीक्षेचा निकाल जाहीर झाल्यापासून मोजतात. पदवीदान समारंभाची तारीख धरू नका. शिवाजी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरची तारीख आधी बघा. सोबत पदवी किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत आणि रहिवासाचा पुरावा लागतो. लग्नानंतर नाव बदलले असेल तर पदवीवर माहेरचे नाव असते आणि अर्ज तिथेच अडकतो. नावबदलाचा किंवा विवाहनोंदणीचा दाखला पहिल्याच वेळी जोडा.

कार्यकर्त्याने गठ्ठ्याने भरलेले अर्ज स्वीकारत नाहीत. एकाच घरातल्या माणसांचे अर्ज घरातल्या एकाने दिले तर चालतात, संस्थाप्रमुखही आपल्या कर्मचाऱ्यांचे एकत्र देऊ शकतात. गल्लीतल्या कुणाच्या हाती अर्ज देऊन निर्धास्त राहू नका. स्वतः तहसील कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि प्रारूप (कच्ची) यादी लागली की नाव तपासा. हरकत घ्यायची ती त्याच वेळी.

मग पदवीधरच्या उमेदवाराला पदवी लागते का? (वाचक, इचलकरंजी)

नाही. पदवीची अट मतदाराला आहे. उमेदवाराचे वय ३० पूर्ण हवे आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवे.

आमदार अधिवेशनाला गेलेच नाहीत तर सदस्यत्व जाते का? (वाचक, शिरोळ)

कलम १९० मध्ये तशी तरतूद आहे: परवानगीशिवाय ६० दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकते. मात्र अधिवेशन संपल्यानंतरचा काळ, तसेच सलग चार दिवसांहून जास्त तहकुबीचे दिवस यात धरत नाहीत. अधिवेशने आटोपशीर असल्याने ६० चा आकडा गाठायलाच फार वेळ लागतो, मध्ये एक दिवस हजेरी लावली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय जागा आपोआप जात नाही, सभागृहाने ठरवावे लागते. तुमच्या आमदारांची हजेरी तपासायची असेल तर विधिमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जात अधिवेशनाचे नाव आणि वर्ष स्पष्ट लिहा.